थुंक्या ओढा आणि पहिला घास

हा जो ओढा तुमच्या पायाशी वाहतो आहे, त्याचं जपानी नाव तुमच्या जिभेवर बसायचं नाही, म्हणून मी त्याला सरळ थुंक्या ओढा म्हणते. अर्थ तोच आहे. पाणी बघा, तळातला खडा न् खडा मोजून घ्यावा इतकं नितळ. तरी या सपाट दगडाच्या खालच्या अंगाचं पाणी हिसागुरा गावातलं कोणी पीत नाही, त्यात भाजी धूत नाही, त्यात पायही घालत नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, डोंगर असा लालभडक झालेला असताना, सगळं गाव पलीकडच्या काठावर जमतं आणि अलीकडे या दगडावर एका परक्या माणसाला उभं करतं. त्याला एक घास देतात. त्याने तो चावायचा, तोंड वाकडं करायचं आणि ओढ्यात थुंकायचं. तो थुंकला की गाव त्याला कमरेत वाकून नमस्कार करतं आणि मगच जेवायला बसतं.

ढवळीकर वहिनी, तुम्ही ओढणी नाकाला लावलीत तरी हरकत नाही, इथे त्याचा कोणी राग मानत नाही. तो वास समोरच्या छपराखालच्या माशाच्या पिंपांचा आहे. अजून झाकणं उघडलेली नाहीत, हे लक्षात घ्या.

मी तुमची गाईड, पण मूळची मालवणची. नवरा जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात लागला, म्हणून अडतीस वर्षांपूर्वी या देशात आले आणि तो गेल्यावरही इथेच राहिले. इथलं पुष्कळ काही मला मनापासून आवडतं. चैत्रात चेरीच्या झाडाखाली सतरंजी टाकून शेजारणींबरोबर डबे खायचे, उन्हाळ्यात बर्फावरच्या गार शेवया, या दिवसांत चेस्टनट घालून केलेला भात. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी गरम पाण्यात इडलिंबासारखी फळं सोडून अंघोळ करतात, ती तर मी एकदाही चुकवलेली नाही. आणि मासळीचं म्हणाल तर मी सुकटीच्या वासात वाढले आहे, पावसाळाभर घरात खारा बांगडा टांगलेला असायचा. तेव्हा मी काही नाकाने कांदे सोलणारी बाई नव्हे. पण हिसागुराचा हा मासा म्हणजे शुद्ध घाण आहे, आणि अडतीस वर्षांनीही माझं मत तेच आहे.

करतात कसा, ते ऐका. वसंतात तळ्यातला गोड्या पाण्याचा मासा धरायचा, गाभोळी तशीच आत ठेवायची आणि चांगला तीन महिने मिठात पुरायचा. मग धुऊन, शिजवलेल्या भाताच्या थरांत दाबून पिंपात भरायचा, वर झाकण, झाकणावर धोंडे. भात आंबतो, त्याची चिकट खळ होते. मासा इतका मऊ होतो की काटासुद्धा दाताखाली लागत नाही. वास म्हणाल तर ओल्या गोणपाटात बांधून विसरलेलं दही, आणि त्या गोणपाटावर कोणीतरी आठवडाभर घातलेले मोजे काढून ठेवलेले. पहिल्या वर्षी मला याच दगडावर उभं केलं होतं. घास तोंडात गेला, ती केशरी गाभोळी टाळूला चिकटली आणि माझ्या तोंडून निघालं, "माका नको." जपानी शब्द एकही आठवला नाही. गाव मात्र खूश झालं.

तर या प्रथेचं मूळ असं सांगतात.

फार पूर्वी, तळ्याकाठी बारमाही रस्ता नव्हता तेव्हा, हिसागुराचा एक तरुण मीठ आणायला समुद्राकडे गेला आणि मिठाबरोबर बायको घेऊन आला. ती दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटांवरची होती. तिचं नाव गावाला उच्चारता येईना, म्हणून त्यांनी तिला नामि म्हणायला सुरुवात केली. नामि म्हणजे लाट. त्यांना मुलगी झाली, चियो. चियो चार वर्षांची असताना बाप तळ्यात बुडून गेला.

आता परक्या मुलखातल्या विधवेचं करायचं काय, हा गावापुढे प्रश्न आला. गावाचा मुखिया सोबेई. घर, शेत, तळ्यावरचा हक्क, सगळं गावाचं होतं, आणि गावाचं म्हणजे सोबेईच्या शब्दाचं. तो म्हणाला म्हणे, "जो आमचं खातो तो आमचा. दर हिवाळ्याच्या तोंडाशी पहिलं पिंप उघडतो. तिने सगळ्यांसमोर पहिला घास खायचा, चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. एवढं काय आहे त्यात? अशी तीन वर्षं काढली की घर तिचं. हलली तर तिने जावं. मुलगी मात्र आमच्या रक्ताची आहे, ती इथेच राहील."

माणसाला आपल्यात घ्यायची ही रीत. मला त्या माशाच्या वासापेक्षा या रीतीचीच जास्त शिसारी येते, आणि ते मी गावातल्या लोकांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांनाही ते पटतं.

पहिल्या वर्षी नामिने घास खाल्ला. चेहरा दगडासारखा ठेवला, गिळला, वाकून नमस्कार केला, घरामागे गेली आणि तिथे ओकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला कळलं, असं नुसत्या धीरावर तीन वर्षं निघायची नाहीत. म्हणून तिने वेगळंच केलं. शेजारणींकडून उरलासुरला मासा मागून आणायचा आणि दर आठ दिवसांनी घरात बसून एक तुकडा खायचा. आवडावा म्हणून नव्हे, आवड काही आली नाही. किळस कशी येते ते तिला शिकायचं होतं. आधी नाकात ओलं गोणपाट, मग जबड्याच्या कोपऱ्यात चावणारा आंबटपणा, मग जिभेच्या मुळाशी कडू, आणि शेवटी घशातून वर येणारी ती आच, जिच्यापाशी पोट उलटतं. कुठे काय येणार हे ठाऊक असलं की माणूस तयार राहतो. पायाखालच्या रस्त्यासारखी तिला ती किळस पाठ झाली. दुसऱ्या वर्षी तिचा चेहरा हलला नाही आणि ती ओकलीही नाही.

गावातल्या बाकीच्यांना तो मासा आवडत होता, आणि ज्याला आवडतं तो माणूस काय करतो, तर खातो आणि आणखी मागतो. घासात काय आहे हे तो कधी तपासत नाही. सगळ्या हिसागुरात तो मासा खरोखर ओळखणारी एकच बाई होती, आणि तिला त्याची घृणा होती.

त्याच दुसऱ्या वर्षी गावात सरदाराचा एक कारभारी आला होता. त्याच्यापुढे ताट ठेवलं तर त्याने बाहीने नाक झाकलं. सोबेईला ते फार लागलं. नामिच्या चेहऱ्यावर रेष दिसली असती तर हा तिला देशोधडीला लावणार होता, पण कारभाऱ्याने नाक झाकल्यावर याला स्वतःच्या माशाची लाज वाटली. मोठ्यांपुढे माणसं अशीच वागतात, तिथेही आणि आपल्याकडेही. त्याने ठरवलं, पुढच्या खेपेला कारभाऱ्याला असा मासा द्यायचा की त्याने नाकाकडे हात नेऊ नये. म्हणून पुढच्या वसंतात त्याने आपल्या घरच्या पिंपात वास येऊच नये अशी व्यवस्था केली. तीन महिने मिठात ठेवायचा तो मासा तीन आठवडे ठेवला. मीठ पुन्हा पुन्हा धुऊन काढलं. भात फार आंबू नये म्हणून नावाला घातला. म्हातारे म्हणाले, "असं कोणी करत नाही." तो म्हणाला, "म्हणूनच मी करतो आहे."

तिसरं वर्ष आलं. पहिलं पिंप अर्थातच सोबेईचं. याच दिवसांत, अशाच उन्हात, त्याच्या अंगणात गाव जमलं. चियो सहा वर्षांची झाली होती, पुढच्या रांगेत शेजारणीच्या मांडीवर बसली होती. झाकण निघालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वास असा नव्हताच, थोडा गोडसर होता. यंदा काय सुरेख जमलंय, सोबेईचा हातच वेगळा, असं सुरू झालं. घास नामिच्या हातात आला.

तिने तोंडात घेतला आणि वाट बघत राहिली. गोणपाट आलं नाही. जबड्यात आंबट चावलं नाही. कडूही आलं नाही. मऊ, मिळमिळीत, गोडसर असं काहीतरी जिभेवर पसरत गेलं. दोन वर्षं जी किळस तिने घासाघासाने शिकली होती, ती आलीच नाही. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायचं कारणच उरलं नव्हतं. सोबेई हसून घराच्या उंबऱ्याकडे हात करू लागला होता. नुसतं गिळलं की घर तिचं, चियो तिची, तिसरं वर्ष संपलं.

पण तिला कळलं की तो आंबटपणा, तो कडवटपणा हाच माशाचा राखणदार होता, आणि आज राखणदार जागेवर नाही. बाकी सगळ्यांची ताटं मांडलेली होती. चियोच्या पुढ्यात छोटा वाडगा होता.

ती सोबेईच्या पायांवर थुंकली. नंतर पिंपाला पाय लावून तिने ते अंगणात आडवं केलं.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण गोष्टीत आहे. त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. "कुजलाय," एवढंच ती ओरडत होती, आणि लोक म्हणत होते, दोन वर्षं निमूट खाल्लंन आणि आज चांगलं निघालं तर थुंकते. तिला तिथून घाटापर्यंत ढकलत नेलं. चियोला शेजारणीने धरून ठेवलं होतं. आणि सोबेई, ज्याचा मासा धुळीत पडला होता, त्याने काय करावं? त्याने वाकून तुकडे वेचले, पाण्याने धुतले आणि सगळ्यांदेखत खाल्ले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मातीत पडलेला, कोंबड्यांनी चोच मारलेला मासा. बहुतेकांनी काढता पाय घेतला. चौघांनी मात्र त्याच्याबरोबर खाल्लं, कारण न खाल्लं तर मुखियाला वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोबेईच्या पापण्या मिटायला लागल्या आणि उघडेनात. एकाचे दोन दिसू लागले. मग पाणीही गिळेना. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि त्या चौघांपैकी दोघे गेले. भिडेपायी विष खाऊन मेलेली माणसं मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाहीत.

सोबेईचा मुलगा किचिजी चियोला पाठुंगळी घेऊन घाट चढला. नामि घाटमाथ्याच्या अलीकडे एका कोळसेवाल्याच्या झोपडीत सापडली. किचिजीने जमिनीला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "परत चला. आता तुम्हाला खावं लागणार नाही." नामिने त्याच्याकडे बघितलं नाही. चियोला उतरवून घेतलं, तिच्या तोंडाचा वास घेतला, पापण्या वर करून बघितल्या, आणि मग विचारलं, "हिने काही खाल्लं?" पोरगी म्हणाली, "नाही." मग ती उठली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. गावाने तिला मानाने आत घ्यायला हवं होतं. पण माणसं मोठी हिशेबी असतात. गाव बसलं आणि विचार करू लागलं. हिच्या किळसेने आपण वाचलो. पुढेही तीच आपल्याला वाचवणार. पण हिला आपल्यात घेतलं, आपल्या पंगतीला बसवलं, तर हिला सवय होईल, आणि सवय झाली की ही आपल्यासारखीच आंधळी होईल. म्हणून त्यांनी नामिला घर दिलं ते ओढ्याच्या अलीकडे, गावाबाहेर, हा दगड आहे तिथे. चियोला तिच्याजवळ राहू दिलं. दर वर्षी किचिजी घास घेऊन पलीकडून येई, ती चाखे, तोंड वाकडं करी, ओढ्यात थुंके. ओळखीची किळस आली असं तिने मान हलवून सांगितलं की पलीकडे जेवणं सुरू. आधी रेष हलली तर हाकलून देणार होते, आता रेष हलावी म्हणून बाहेर ठेवलं. दोन्हीकडून ती परकीच. इतकी सोयीस्कर कृतज्ञता बघितली की मलाच थुंकावंसं वाटतं.

अशी बावीस वर्षं गेली, म्हणतात. चियोचं लग्न होऊन ती पलीकडे नांदायला गेली. तेविसाव्या वर्षी किचिजीने घास आणला. नामिने तोंडात घेतला, बराच वेळ चावला. पलीकडे गाव श्वास धरून उभं. ती थुंकली नाही. गिळलं, आणि म्हणाली, "थोडा भात आहे का?"

पलीकडे आनंदाचा एकच गलका झाला. म्हाताऱ्या रडायला लागल्या. शेवटी आपली झाली, म्हणाल्या, आणि चार माणसं धावत येऊन तिला हात धरून ओढ्यापार घेऊन गेली. ज्या गोष्टीसाठी तिने तीन वर्षं ओकारी गिळली, ती पंचवीस वर्षांनी मिळाली. नामि मात्र जेवता जेवता रडत होती असं सांगतात. चियोने विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाली, "आता मला कळणार नाही."

पुढच्या वर्षी मीठ घेऊन आलेल्या एका परक्या माणसाला या दगडावर उभं केलं. त्याने घास तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थुंकला. तेव्हा पलीकडच्या गर्दीतून नामिचा आवाज आला, "एवढं काय आहे त्यात?" सगळं गाव तिच्याकडे वळून बघायला लागलं. सोबेईचं हे वाक्य तो गेल्यापासून हिसागुरात कोणी उच्चारलं नव्हतं. चियोने आईच्या तोंडावर हात ठेवला.

आजही ते तसंच करतात. परका माणूस थुंकला की पलीकडची एक म्हातारी ठरल्याप्रमाणे म्हणते, "एवढं काय आहे त्यात?" आणि शेजारची बाई तिच्या तोंडावर हात ठेवते. मग जेवण. आणि परक्याने खोटं बोलायचं नसतं. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका सभ्य गृहस्थांनी घास गिळून "व्वा, फार छान" म्हटलं, तर गावाने झाकणं परत लावली. दुसरा परका शोधून आणेपर्यंत तीन तास सगळे उपाशी बसले होते. ढवळीकर भाऊ, आज दगडावर तुमचा नंबर आहे. काल हॉटेलात तुम्ही कच्च्या अंड्यालाही छान म्हणालात, ते मी ऐकलं आहे. इथे कृपा करा.

मला आता या दगडावर उभं करत नाहीत. गेल्या महिन्यात गावाचे प्रमुख हिरोसेसान टोपलीभर पर्सिमनची तांबूस फळं घेऊन माझ्या घरी आले होते. ती ओळ म्हणणाऱ्या किमुरा आजी उन्हाळ्यात वारल्या. "रोहिणीसान, यंदा पलीकडच्या काठावर तुम्ही उभ्या राहा. तुम्ही आता इथल्याच आहात," असं म्हणाले. अडतीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. मी चहा करायला आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले.

बाहेर येऊन मी त्यांना सांगितलं की मी येईन, पण ती ओळ म्हणणार नाही. मला त्या माशाची अजून तितकीच किळस येते. मला तिथे उभं करायचं असेल तर मीही घास घेईन आणि मीही थुंकेन.

हिरोसेसानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या काठावरून आजवर कोणी थुंकलेलं नाही."

मी म्हटलं, "त्या काठावरून एक जण वेळेवर थुंकला असता, तर तीन माणसं वाचली असती."

ते पर्सिमनची टोपली ठेवून, वाकून नमस्कार करून निघून गेले. त्यानंतर महिनाभर निरोप नाही. आज सकाळी तुमची बस लावून मी इकडे आले, तर ते पलीकडच्या काठावर चटया अंथरत होते. म्हाताऱ्या बायका नेहमी मागे, उन्हात बसतात. माझी चटई त्यांनी पहिल्या रांगेत टाकली आहे, अगदी पाण्याला लागून.